गंगव्वाची पावती

रेल्वे गेट पडलं की मला वीस रुपये पडतात.
साडेसहानंतर दर पाव तासाला वीस,
हा गंगव्वाचा नियम. तोंडी आहे,
खरं कोर्टाच्या हुकमापेक्षा पक्का.

उद्यमबागेत मी बुशिंगं मोजते,
मायक्रोमीटरच्या दोन ओठांत धरून.
केसभर जास्त झालं तर लाल पेटीत,
कमी झालं तरी लाल पेटीत.
दिवसाला सातशे नग.
एवढं मोजणाऱ्या बाईला
स्वतःच्या पोराचा महिना मोजता येईना.

हुकूम कन्नडात आला. मला कन्नड बोलता येतं,
वाचायचं तर बोट लावावं लागतं.
वकीलबाईंनी मराठीत सांगितला:
अन्न, वस्त्र, शाळा, औषध,
दरमहा चार हजार.
मी विचारलं, आणि सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा?
त्यांनी कागद उलटून बघितला.
म्हणाल्या, ते त्यातच आलं की.
घरी येऊन ओळीओळीवर बोट फिरवलं.
नव्हतं आलं.

मग वाढीचा अर्ज.
मष्णू आजऱ्याचा. हद्दीपलीकडं,
म्हणून समन्स तीनदा परत आलं.
चौथ्यांदा तो आला, इस्त्रीच्या शर्टात,
आणि जज्जसाहेबांना म्हणाला,
"माझी आय घरात रिकामीच असती.
फुकट सांभाळंल. पाळणाघर कशाला?"

फुकट.
मलाही तिनं पाच वर्षं फुकटच सांभाळलं होतं.

साहेबांनी पावत्या मागितल्या.

गंगव्वाकडं कुठलं पावतीपुस्तक?
तिच्याकडं कॅलेंडर आहे,
तारखेच्या चौकोनात सहा पोरांचे सहा ठिपके,
माझ्या श्रेयूचा निळा.
तो तिच्याकडं दूध मागताना हालु म्हणतो,
रडतो मात्र मराठीत.
मी म्हटलं, अक्का, एक कागद लिहून दे.
ती लाजली.
आपण दिवसभर काय करतो
हे तिला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.
वहीचं पान फाडून बसली, कन्नडात लिहीत, मोठ्यानं वाचत:
भात भरवला. ढुंगण धुतलं.
ताप आला त्या दिवशी मांडीवरून खाली ठेवला नाही.
आय कुठं म्हणाला की गेटाकडं बोट दाखवलं.
मी म्हटलं, असं नको गे,
नुसतं लिही, दोन हजार सहाशे पोचले.
तिनं ते खाली लिहिलं.
वरचं खोडलं नाही.

आज साहेबांनी ते पान घेतलं, टाचणी लावली,
तारीख पुढं ढकलली.
अर्ध्या दिवसाचा माझा पगार गेला,
तो कुठल्या रकान्यात घालायचा
हे वकीलबाईंनाही माहीत नव्हतं.

पायऱ्या उतरताना मष्णू म्हणाला, बघून जातो त्याला.
एका रिक्षात दोघं, मध्ये माझी पिशवी.
गेट पडलेलं.
मालगाडी संपता संपेना.
मी सवयीनं डबे मोजत होते,
त्याचेही ओठ हलत होते.
त्रेपन्न, तो म्हणाला.
माझे चोपन्न झाले होते.

गंगव्वानं दारातच हात पुढं केला. चाळीस.
मी पर्स उघडायच्या आत
त्यानं खिशातनं काढून दिले, मोड मोजून,
आणि विचारलं, "हे रोजचं असतंय काय?"

गंगव्वा सांगायला लागली, कन्नडात, लांबलचक,
हात हलवून, एकदा झोपलेल्या पोराकडं दाखवून.
त्याला एक अक्षर कळलं नाही.
त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी खाली वाकून
श्रेयूची दुसरी चप्पल शोधत होते.