दहा सेकंद

पिठीसाखर दोन वाट्या, दूध चमच्याचमच्यानं,
थेंबभर कॉर्न सिरप, चकाकीपुरतं.
मग सुरीच्या टोकानं ग्लेझवर रेघ मारायची
आणि मोजायचं.
दहा म्हणता बुजली तर जमलं.
पाचातच बुजली तर साखर कमी.

मी मराठीत मोजते, चार्वी इंग्रजीत.
तिचे दहा माझ्या सातापाशी संपतात,
मग कुणाच्या दहावर दूध घालायचं
यावरून दरवर्षी थोडं भांडण.

मला पाक कळतो, तर्जनी आणि अंगठ्यामधला.
या बिचाऱ्यानं विस्तव पाहिलेलाच नाही.
तरी हात आपोआप चिमटीत धरून बघतो
तार येते का.
चार्वी हसते.

चार वाजलेत आणि डुलूथमध्ये रात्र झाली.
उतारावरची घरं एकेक करून पेटतायत
पार सरोवरापर्यंत,
पुढे काहीच नाही, नुसता काळा वारा.

ओट्यावर अठ्ठेचाळीस कुकीज.
तारे, झाडं, हातमोजे,
एक रेनडिअर, ज्याचं शिंग साच्यातच राहिलं.
आधी कडेनं बारीक बांध घालायचा,
मग खाचरात पाणी सोडावं तसा
रंग आत सोडायचा,
टाचणीनं कोपऱ्याकोपऱ्यात न्यायचा.

यादी फ्रिजवर:
टपालवाली डेनीस, शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
लॅबमधल्या तिघी,
बर्फ ओढणारा तो, ज्यानं आमची टपालपेटी मोडली,
(त्यालाही, पण तारा लहान)
आणि समोरचे मिस्टर हॉल्वोर्सन.

आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत जात नाही.
काही नसलं तर चिमूटभर साखर तरी.
इथे डबेच परत येत नाहीत.
दोन डॉलरला तीन मिळतात,
मनाला लावून घेऊ नये,
हे शिकायला मला चार डिसेंबर लागले.

गेल्या एप्रिलमध्ये, दारापुढे नुसता चिखल असताना,
ते आले. बूट बाहेर काढून
मोज्यांवर उभे राहिले, एक अंगठा बाहेर.
हातात आमचा डबा. जड.
आत स्क्रू.
लांब, आखूड, पितळी, काळे,
मापाप्रमाणे कागदाच्या पुड्यांत बांधलेले,
पुड्यांवर पेन्सिलीनं आकडे.
"बेकिंग इन्ग्रिडकडे होतं," म्हणाले,
"माझ्याकडे हे आहे."

मी काय बोलले आठवत नाही.
बहुतेक थँक यू, दोनदा.
मसाल्यांची फळी आता त्यातल्या चार स्क्रूंवर उभी आहे.

"त्यांना कुठलं? झाड?" मी विचारते.
चार्वी उत्तर देत नाही.
उरलेलं पीठ लांबट लाटून सुरीनं कापते,
वर गोल डोकं, डोक्यावर फुली.
भाजून निघाल्यावर पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब टाकते,
राखाडी.
मग तिरके आटे काढायला घेते
आणि थबकते.
आई, यात रेघ बुजून नाही चालणार.

मी साखर घालते. आणखी एक चमचा.
सुरीनं रेघ.
दहा. तिचे आणि माझेही.
वीस.
रेघ तशीच.

स्क्रू डब्यापेक्षा बोटभर लांब निघालाय.
झाकण लागत नाही.
असू दे, चार्वी म्हणते,
रस्ता तर ओलांडायचाय.