बोळ

शनिवारी चार वाजता आम्ही जमतो
विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर.
सात जण. कधी पाच.
परीक्षांच्या दिवसांत मी आणि पंखा.

तन्वीर बागवान टाचण्यांचा गंज बघून साल सांगतो.
खासनीस बाईंनी प्रबंधातली अकरा पानं
‘ढिशूम’ला दिलीत,
आणि त्यातला उकार ऱ्हस्व की दीर्घ
ते अजून ठरायचंय.

माझा विषय फुगे.
म्हणजे पात्रांच्या तोंडातून निघतात ते, पोटात शब्द असलेले.
आई शेजाऱ्यांना सांगते, साहित्यात पीएचडी करतोय,
आणि पुढचा प्रश्न यायच्या आत
चहाचं आधण ठेवते.

रविवारी जुना बाजार.
तराजूच्या एका पारड्यात किलोचं वजन,
दुसऱ्यात दोन चेटकिणी, एक मुखवटेवाला,
समुद्राच्या तळाशी बुडालेलं अख्खं शहर.
आतल्या पानावर पेन्सिलीनं:
हेमांगी, ५ वी ब. नेल्यास परत द्यावे.
नेलं, हेमांगी.
तळटीप चौदा तुझी आहे.

संशोधनात कसर राहू नये, असं मार्गदर्शक म्हणतात.
राहिलीय ती ही: बारीक, चंदेरी,
शेवटची चौकट खाऊन बसलेली.
चोर सापडला का, आता तिलाच ठाऊक.

अडलं होतं एका शब्दापाशी.
दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी सुटते,
जिथे काहीच काढलेलं नसतं –
अलीकडे उगारलेली मूठ,
पलीकडे आडवा झालेला माणूस,
मधला ठोसा वाचणाऱ्यानं मारायचा –
तिला मराठीत काय म्हणायचं?
इंग्रजी शब्द सरळ उचलला तर गटार.
हसलो सगळे. खासनीस बाईसुद्धा, तोंडाला रुमाल लावून.
कुणी म्हणालं अवकाश.
(अवकाश आम्ही सगळ्यालाच म्हणतो.)
कुणी अंतराल.
इतिवृत्तात नोंद: विषय पुढील बैठकीत.
सलग नऊ वेळा.

दहाव्या बैठकीला एकनाथ झगडे आले,
नातीच्या स्कूटरवर मागे बसून.
वय एक्याऐंशी. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात
पानाला दीड रुपयानं फुगे भरायचे.
‘‘मराठी वाक्य लांब, फुगा तेवढाच,
म्हणून मरणाऱ्याला आम्ही फार बोलू द्यायचो नाही.’’
आमचे प्रश्न छापील होते, अनुक्रमांकासह.
ते बघत होते समोरचं पान,
भिंग न घेता, बोटानं.
‘‘हा बोळ वाकडा आलाय,’’ म्हणाले.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

‘‘काय म्हणालात?’’
‘‘बोळ. दोन घरांच्या मधला असतो ना.
शाई पसरली की ब्लॉकवाला ओरडायचा,
बोळ बुजवू नका रे, माणसं जायची कुठून?’’
मग बिनसाखरेचा चहा मागितला,
आणि बाथरूम कुठंय ते विचारलं.

मी टिपणवहीत दोन ओळी लिहिल्या होत्या.
छापखाना बंद: चौऱ्याऐंशी.
मुलाखत: आज.
‘‘मधल्या चाळीस वर्षांत काय केलंत?’’
ते बशीतला चहा संपवेपर्यंत थांबले.
‘‘फुगे भरायचं काम सोडलंय मी,’’ म्हणाले.
‘‘आता तुम्ही भरा.’’

खाली नातीनं हॉर्न दिला.
जिन्यात त्यांचा हात धरला, तर अंगठ्याच्या पेराला
घट्टा लागला, बोरूच्या जागी,
अजून.

वर आलो तेव्हा वाद पेटला होता.
तन्वीर: एका माणसाच्या साक्षीवर संज्ञा ठरत नाही.
खासनीस बाई: ठरो न ठरो,
आधी सांगा, तो बोळ की ती बोळ?
आमच्याकडे ती. कसब्यात तो.
मतदान झालं. तीन-तीन.
सातवं मत माझं.
मी खिडकीपाशी होतो.
स्कूटर चौकात दिसली, सिग्नलला, लाल.
पुन्हा पाहिलं तर हिरवा,
आणि रस्ता रिकामा.