अठरा इंच

नवरात्राला बावीस दिवस उरले होते
आणि घरात घेरच घेर.
एकेका घागऱ्याला नऊ मीटर कापड,
पलंगावर घागरे, दाराच्या कडीला घागरे,
फ्रिजवर घडी करून ठेवलेली जागृतीबेनची बांधणी.
त्यातच आमच्या रेणूला बसता येऊ लागलं.

बसता येऊ लागलं म्हणजे
आधी डावीकडे कलंडायची, मग उजवीकडे,
आणि मधल्या क्षणात मी चमचा घालायची तोंडात.
निम्मी नाचणी पोटात,
निम्मी कुणाच्या तरी काठाला.
एकदा आरशांच्या चोळीवर डाग पडला.
धुतला, इस्त्री मारली, दिली.
गिऱ्हाइकाला कळलं नाही,
झोप माझी गेली.

प्रफुल्ल म्हणाला, तिला खुर्ची घेऊ,
लहान मुलांची असते ना, उंच, तशी.
मी गळ्यातला टेप काढला.
इतकी वर्षं छात्या, कंबरा, बाह्या मोजल्या,
खोलीचं माप पहिल्यांदाच घेत होते.
मशीन आणि फ्रिजच्या मध्ये अठरा इंच.
मोठ्यानं वीस म्हणून बघितलं,
जाड बायकांचं मन राखायला
मी दोन इंचांचं खोटं बोलते, तसं.
भिंतीला मन नसतं.
अठराच.

रावपुऱ्यातल्या दुकानात
पहिली खुर्ची पाणी प्यायला वाकलेल्या जिराफासारखी
चारी पाय फाकून उभी.
दुसरी म्हणे टेबलाला चावून लटकते.
टेबल आमच्याकडे एकच, त्यावर मशीन,
मोटर चालू झाली की अख्खं थरथरतं,
पोर घागऱ्याबरोबर शिवून निघायची.
तिसरी घडीची. किरीटभाईंनी फटकन मिटून दाखवली,
"जुओ बेन, पलंग नीचे जती रहेशे."
आमच्या पलंगाखाली अस्तराचे तागे आहेत,
लेसचे डबे आहेत, सासूबाईंचा हंडा आहे,
तिथून हल्ली उंदीरही अंग चोरून जातो.

चौथी लाल. मागे ढकललेली, धूळ खात.
तिचे पाय फिरवले की निघतात.
खाली ठेवली तरी चालते, किरीटभाई म्हणाले,
पण तशी कोणी घेत नाही, बेन,
मग तिला उंच कोण म्हणणार?
मी टेप लावला.
पायांसकट बावीस.
पायांशिवाय चौदा.
म्हणजे चार इंच उरत होते!
रस्त्यात कुणाला तरी थांबवून सांगावंसं वाटलं.

प्रफुल्लचा चेहरा मात्र उतरला.
त्याच्या मनात ती वर बसली होती,
समोर तबक, पाय हलवत,
आम्हा दोघांकडे खाली बघत.
मी विचारलं, आपण जेवायला कुठे बसतो?
खाली, तो म्हणाला.
मग?
तो बराच वेळ त्या पायांची आटी फिरवत राहिला.

अकराशेचे हजार केले,
वर एक लाळेरं मागून घेतलं.

पाय त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलेत,
पुढच्या घरात लागतील म्हणून.
चार मोजून टाकले होते. आता तीन आहेत.
चौथा मी खिडकीला लावलाय,
दुपारच्या वाऱ्यानं झडप आपटते आणि ती दचकून उठते.
त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही,
किंवा आलंय आणि तो बोलत नाही.

रात्री मशीन बंद करते,
घेर दोन्ही हातांनी कवेत घेऊन पलंगावर लोटते.
लाल खुर्चीत रेणू, अलीकडे मी, पलीकडे तो,
मांडी घालून.
तिचं डोकं बरोबर माझ्या खांद्याला येतं.
आमटीभाताचा घास तिच्याकडे नेताना
हात वर करावा लागत नाही, नुसता वळवायचा.
ती चमचा हिसकावते, जरा विचार करते,
आणि टाकते.
चमचा पडतो,
पण फार उंचावरून नाही.

परवा पडला तो चांदूरकर वहिनींच्या पिवळ्यावर.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.
खुर्चीनं एवढंच झालं,
की डाग कुठल्या बाजूनं येणार
ते आता मला आधी कळतं.