फटी बुजवणाऱ्याचा जबाब

*(विंडाऊ बंदर, कुरलँड. सतरावं शतक सरत आलेलं.)*

लिहा, कारकूनसाहेब.
नाव इंड्रिकिस. धंदा, जहाजांच्या फटी बुजवणं.
जुना दोर पिंजायचा, फळीफळीमध्ये ठोकायचा,
वरून ऊन ऊन डांबर.
समुद्राला आत येऊ द्यायचं नाही,
एवढीच माझी-त्याची ओळख.

जहाजं किती होती?
तुमच्या चोपडीत चव्वेचाळीस आहेत ना, असू देत.
मी जहाजं मोजली नाहीत. फटी मोजल्या.

पहिलं पाण्यात सोडलं त्या दिवशी
घसरणीला डुकराची चरबी फासली होती.
गावातली कुत्री ती चाटत बसली,
ढोल वाजले तरी हलेनात.
मग हललं ते जहाजच.
व्हेंटा नदी पलीकडच्या काठावर चढली
आणि धुणं पिळणाऱ्या बायका
घोट्यापर्यंत भिजून हसत सुटल्या.

पाठीवर सोन्याची जर्मन अक्षरं,
कुणा डचेसच्या मुकुटाचं नाव.
आमच्या जिभेला ते पेलवेना.
आम्ही तिला ठिपकी म्हणायचो,
गाभण गाईसारखी झुलत चालायची म्हणून.
नावेला नाव द्यायला आम्हांला कोण बोलावतो?
नावं ठेवायला मात्र मोकळे होतो.

केवढासा मुलूख हा!
सकाळी घोड्यावर निघालं
तर तिसऱ्या दिवशी घोडा दुसऱ्या राजाचं गवत खातो.
आणि आमच्या ओकची लाकडं
आफ्रिकेच्या नदीत, त्याच्याही पुढे
उन्हाच्या एका बेटावर.

माझा मिकेलिस गेला त्या बेटावर.
एकच पत्र आलं. पाद्रीबुवांनी वाचलं,
‘इथं झाडांची पानं गळत नाहीत.’
दर शरदात मी जायचो, म्हणायचो, तेवढीच ओळ वाचा.
चौथ्या वर्षी बुवा कागद न उघडताच म्हणू लागले.

आणखी एक. हे लिहा, नका लिहू.
ठिपकी एकदा परत आली, तळ गळत होता.
मी आत उतरलो, कंदील घेऊन.
फळ्यांवर ओरखडे होते, बारीक, जवळजवळ,
उंदराचे नव्हते. उंदराला बोटं असतात, पण इतकी लांब नव्हे.
मी मुकादमाकडे बघितलं. तो नदीकडे बघत होता.
मग मी डांबर फासलं.
तेवढं एक काम माझ्या हातून नीट झालं नाही,
रात्री अजून गळतं.

मग स्वीडनवाले आले.
ड्यूकना झोपेतून उचललं म्हणे,
आम्हांला आठवड्यानं कळलं, मासे विकणारीकडून.
गोदीतली जहाजं त्यांनी नेली, नेता येईनात ती जाळली.
डांबर छान जळतं, साहेब.
आमच्याच हाताचं, म्हणून जास्तच.

ड्यूक परतले. पुन्हा ओक पाडले, पुन्हा खिळे घडवले.
पण रान तोवर दूर गेलं होतं,
आणि मजुरीत अर्धे पैसे, अर्धे ‘पुढल्या महिन्यात’.
ब्रेंसिस सुतार पाळणे करू लागला, मग शवपेट्या.
म्हणाला, गिऱ्हाईक तेच, फक्त माप बदलतं.

आता तुम्ही विचारता, बाकी काय?
चला, दाखवतो. ती बघा घसरणीवर,
शेवटची. कणा आहे, फासळ्या आहेत,
फळ्या लागल्याच नाहीत.
मधून वारा जातो, बगळे जातात,
गेल्या वर्षी एक बर्चचं रोपही उगवलं.
मी रोज सकाळी हातोडी घेऊन येतो इथं.
सवय, दुसरं काय.
उभा राहतो, आणि परत जातो.
सगळीच फट आहे, साहेब,
बुजवू कुठून?

‘एक सांगाडा, लिलावायोग्य.’ बरं, लिहा तसं.
सही येत नाही, अंगठा देतो.
तो काळाच आहे, शाई लागायची नाही.

थांबा.
तुमची दौत गळतेय, बुडातून,
चव्वेचाळीसवर ओघळ आलाय.
आणा इकडे.