पोच

पुन्ता अरेनासमध्ये रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात,
वारा सुटला की माणसांनी धरावेत म्हणून.
तसाच एक धरत, सोडत, संस्थेच्या तळघरात उतरले
तेव्हा सहा वाजून गेले होते
आणि देवमासे अजून निघतच होते.

सगळ्या उन्हाळ्याचं त्यांचं हंबरणं,
चार टेराबाइट,
वालपाराइसोच्या संग्रहाकडे.
पडद्यावर लिहिलेलं: बाकी दिवस, सेहेचाळीस.
बार्रिया म्हणाला, माझ्या बोटीत टाक, लवकर पोचतील.
थट्टाच होती,
पण हिशोबात चूक नव्हती.

केबल मात्र रिकामी. गिगाबिटची, नवीकोरी,
सर्व्हरचे पंखे निवांत.
मी एक हाक मारली,
तिकडे जाऊन परत यायला तिला साठ मिलिसेकंद.
मग दिसलं: सर्व्हर चौसष्ट किलोबाइटचा घास पुढे करतो
आणि थांबतो.
पोच येईपर्यंत मांडीवर हात ठेवून बसतो.
पुन्हा एक घास. पुन्हा बसणं.
सगळं आयुष्य त्या बसण्यात चाललेलं.

सेटिंगच्या फाइलमध्ये त्या आकड्याच्या डोक्यावर
एलेउतेरियोची ओळ होती:
विचारल्याशिवाय हात लावू नये.
विचारू कुणाला?
तो आता छाटलेल्या सरूंच्या रांगेत, गावाच्या कबरस्तानात,
आणि त्याच्या वेळची लाइन इतकी बारीक होती
की चौसष्ट म्हणजे चैन.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण अंथरूण बदललं तरी
पाय मुडपूनच झोपायचं?

पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर गुणाकार केला.
वेग गुणिले वाट:
साडेसात मेगाबाइट.
इतका माल कुठल्याही क्षणी नुसता वाटेवर असायला हवा,
ना इथे, ना तिथे.

साडेसात आलं. मी लिहिलं चौसष्ट.
मेगाबाइट.
आकडा त्याचाच ठेवला, एकक बदललं,
म्हाताऱ्याचा मान राखल्यासारखा.
खरं कारण हावच.

एकशेबारा! सेकंदाला एकशेबारा मेगाबाइट!
मी माते ओतून घेतला, पाय टेबलावर टाकले,
तोच वालपाराइसोहून आम्पारोचा फोन,
त्याच लाइनवरून.
तिचं मला स्वच्छ येत होतं.
माझं तिला...

ऐकतेयस ना?
हो, मी म्हटलं.
गेलीस का?
आणि माझा पहिला हो
तिच्या दुसऱ्या प्रश्नाला पोचला.

तिने फोन ठेवला. मी रिसीव्हरमध्ये बोलतच राहिले थोडा वेळ.

पुन्हा हाक मारून पाहिली. पाचशेच्या वर.
राउटरच्या दारात देवमासे अंग टाकून बसलेले,
एकामागे एक, कुणी हरवलेलं नाही, कुणी पुढेही जात नाही,
आणि त्यांच्या शेपट्यांमागे
माझा एवढासा हो
ताटकळत.

मग उतरत आले. बत्तीस. सोळा. बारा.
दर वेळी आम्पारोला फोन, काहीतरी बोल म्हणून.
ती जेवणाचं सांगत राहिली,
मांजर कुठे झोपलंय ते,
बारावर म्हणाली, आता बरं, पण तू अजून जरा लांबच आहेस.
नऊवर ती हसली
आणि मी तिच्या हसण्यात हसले.
हाक बहात्तर. वेग तोच, एकशेबारा.
म्हणजे वरचं सगळं नुसतंच साठवलं होतं मी.

एलेउतेरियोची ओळ खोडली नाही.
खाली तारीख घातली, लाइनचा वेग, वाटेचा वेळ,
गुणाकार,
आणि नऊ का, ते.
शेवटी: लाइन बदलली तर पुन्हा मोजा.
मला विचारायला थांबू नका.

दहा तास लागतील.
दोर अजून बांधलेले असतील बाहेर.