व्याख्या

बिस्मार्क, तिसरा मजला, फेब्रुवारी.
बाहेर उणे बावीस. खिडकीच्या फटीतून
बर्फाची एक बारीक रेघ आत आलेली.
माझं काम ऐकायचं आणि टिपायचं,
मत द्यायचं नाही.

लेलँड फ्राइजेन, राज्याचा वकील,
चष्मा पुसून वाचतो:
रोख्यांचा व्यापारी म्हणजे अशी व्यक्ती
जी धंदा म्हणून, दुसऱ्याच्या खात्यावर किंवा स्वतःच्या,
रोख्यांचे व्यवहार घडवून आणते.
व्यक्ती म्हणजे कंपनीसुद्धा, न्याससुद्धा.
बँक नव्हे.
ज्याचं या राज्यात दुकान नाही, जवळपास गिऱ्हाईकही नाही,
तो नव्हे.
इतके सगळे नव्हे चाळून झाल्यावर
चाळणीत उरते आर्डिथ क्नुटसन, वय चौऱ्याहत्तर,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

विकलं काय?
सूर्यफुलाच्या तेलाचा कारखाना, भाच्याचा,
अजून न बांधलेला.
त्याच्या वचनचिठ्ठ्या, नऊ टक्क्यांनी.
कुठे?
चर्चच्या तळघरात, कॉफीच्या थर्मासपाशी.
किती जणांना?
अकरा. मर्ना हाउगेनला तर मी नकोच म्हणत होते,
तिनंच चेक लिहून फ्रीजवर लावून ठेवलेला,
चुंबकाखाली.

'यात तुमचे हात ओले झाले का?'
'ओले होतेच,' ती म्हणते, 'कप विसळत होते ना.'
कोणी हसत नाही.
मग कागदांतून बर्फ उडवायचं यंत्र निघतं,
लाल, भाच्यानं दिलेलं, हप्ते थकलेलं.
'हा मोबदला?'
'हा नाताळ होता.'
मी दोन्ही टिपतो. कागदावर दोघांची उंची सारखीच.

आणि सगळं येऊन अडतं एका शब्दावर, धंदा.
एकदा सांगितलं तर शेजारधर्म.
दुसऱ्यांदा, सवय म्हणा.
कितव्या कपाला धंदा लागतो
ते कलमात नाही, पोटकलमात नाही,
फ्राइजेनच्या कपाळावरच्या आठीत असेल तर असेल.

या कायद्याला इकडे निळ्या आकाशाचं नाव आहे.
म्हणे, नुसतं आभाळ कापून विकणारे लोक होते,
आणि रांगेत उभं राहून घेणारेही.
आज वर पाहिलं तर पांढरं फटक,
विकायला सुद्धा काही नाही.

साडेचार. निकाल राखून ठेवला.
सगळे कोट, टोप्या, मफलर शोधू लागतात.
आर्डिथ माझ्या टेबलापाशी थांबते,
हातमोज्यात एकेक बोट घालत विचारते,
'मेव्हणा कसा आहे तुझा?'

यंत्र बंद केलं होतं मी.
'बरा आहे,' म्हणालो.

अकरातला सातवा चेक त्याचा.
त्याला फोन मी केला होता,
नऊ टक्के, बघ, म्हणालो होतो.
एकदाच.