दहाव्या महिन्यातलं ताइशा स्टेशन

शेवटची गाडी गेली, त्याला पस्तीस वर्षं होतील.
फुकुमा तोकिजी अजून फलाट झाडतो.
रुळांमधलं गवत मात्र उपटत नाही.
म्हणतो, असू दे,
त्यालाही कुठंतरी जायचं असेल.

छप्पर देवळाचं, पोटात तिकीटघर.
कौलांवर मातीची कासवं,
गाडी चुकल्याची एकालाही खंत नाही.

बाकीच्या जपानात हा महिना निर्देव.
सगळे देव इथं, इनासाच्या वाळूवर उतरतात,
रात्री, लाटांवरून, शेकोट्यांच्या उजेडात,
आणि कोणाची गाठ कोणाशी, ते ठरवत बसतात.
"समुद्रानंच येतात," तोकिजी कुरकुरतो,
"एकदाही स्टेशनातून नाही."

त्याची गाठ मात्र इथंच पडली, लाकडी फाटकापाशी.
तोत्तोरीहून आलेली सुगिए,
तिकीट हरवलं म्हणून रडकुंडीला आलेली.
स्टेशनमास्तरची नजर चुकवून त्यानं तिला सोडलं.
तिकीट ओबीच्या घडीतच होतं,
हे तिनं सांगितलं
मरायच्या आदल्या हिवाळ्यात, हसत.

आज वारा खारट आहे.
फाटकात उभं राहून तो खिशातला पंच काढतो,
हवेत दाबतो.
कट.
मग जरा थांबून, आणखी एकदा.